आप्त कोणाला म्हणायचे? गुंतवणूक-विश्लेषक आणि त्यांच्या संघटना

(चारोटी, तालुका डहाणू येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने चारोटीला येऊन शेअर बाजारातल्या विश्लेषकांवर बोलावे, हे तुम्हाला विचित्र वाटत असेल. आयोजकांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा फोनवर जरा वेळ कोणी बोललेच नाही. मग ते म्हणाले, "सर, हे इथं कोण ऐकणार?" आम्ही म्हटले, इथेच ऐकायला हवे.

कारण सांगतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुमच्या दारातून जातो. बुलेट ट्रेनचा मार्ग याच पट्ट्यातून, वडोदऱ्याकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून, आणि तिकडे किनाऱ्यावर वाढवण बंदर. त्याचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. म्हणजे ज्या घरात कधी एकरकमी लाख रुपये आले नाहीत, त्या घरातल्या खात्यात भरपाईची रक्कम येते. जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकते, भरपाई एकदाच येते. आणि ती आली की तिच्या मागोमाग सल्ला येतो. आज येताना नाक्यावर चहा घेतला. शेजारी बसलेल्या मुलाने आपणहून मोबाइल दाखवला. त्यात एक ग्रुप. रोज सकाळी तिथे कुठला शेअर घ्यायचा ते येते. आम्ही विचारले, हे कोण पाठवते? तो म्हणाला, "सर, अ‍ॅनालिस्ट आहेत. सर्टिफाइड."

आजचे सगळे व्याख्यान या 'सर्टिफाइड' शब्दावर आहे. हे सर्टिफिकेट देतो कोण? ते कशाची हमी देते? आणि कशाची देत नाही?

आमच्या धंद्यातले एक हत्यार आधी तुमच्या हातात देतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले. पण कोणीही सांगितलेले नव्हे; आप्ताने सांगितलेले. मग आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात याचा खुलासा केला आहे. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: ज्याने विषय स्वतः नीट जाणला आहे, आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्याला सांगावा या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला लागू आहे तसेच आर्याला आणि म्लेच्छालाही. म्हणजे जात, कूळ, पदवी यांचा इथे संबंध नाही. दोनच अटी: जाणणे, आणि जाणले तसे सांगण्याची इच्छा असणे.

या दोन अटी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. पहिलीची परीक्षा घेता येते. दुसरीची घेता येत नाही. पेपर सोडवून कोणाचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. मराठीत तर गंमत अशी की 'आप्त' म्हणजे नातेवाईक. गावात भरपाईच्या पैशाचा सल्ला पहिल्यांदा देतो तो मेहुणा, साडू, नाहीतर चुलतभाऊ. त्याला दुसरी अट बहुधा पुरी करता येते, पहिली नाही. मोबाइलवरच्या माणसाला कदाचित पहिली पुरी करता येत असेल, दुसरीचे काय? व्यावसायिक संघटना जन्माला येतात त्या ही दरी बुजवण्यासाठी. निदान त्यांचे सांगणे तसे असते. ते सांगणे किती खरे ठरले, ते आता तपासू.

सुरुवात आपल्याच मुंबईपासून करू. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअरचे दलाल जमत. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअरचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळा फुगा फुटला. कित्येक घरे बसली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, दलालांनी आपली संघटना बांधली: नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. आज जिला आपण बीएसई म्हणतो तिचे हे मूळ. तिचा उद्देश काय होता? देशी दलालांचा लौकिक, त्यांचा दर्जा आणि त्यांचे हित जपणे. यात गैर काही नाही. सुतारांनी सुतारांची संघटना करावी, तशी दलालांनी दलालांची केली. पण १८६५ मध्ये ज्यांची घरे बसली, ते गुंतवणूकदार त्या उद्देशात कुठे आहेत, हे शोधावे लागते. संघटना कोणाची, हा पहिला प्रश्न इथूनच विचारायला हवा.

आता विश्लेषकांकडे येऊ. दलाल सौदा करून देतो. विश्लेषक कंपनीचे हिशेब वाचतो, कारभार बघतो आणि सांगतो की हा शेअर घ्यावा, ठेवावा की विकावा. या कामाला व्यवसायाचा दर्जा मिळावा अशी खटपट अमेरिकेत झाली. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या विश्लेषकांनी आपली सोसायटी काढली. बेंजामिन ग्रॅहम हे त्यातले मोठे नाव. वॉरन बफेट यांचे गुरू म्हणून तुम्ही ते ऐकले असेल. १९२९ ची मंदी या माणसाने अंगावर झेलली होती. १९४५ मध्ये त्यांनी लेख लिहून मागणी केली की डॉक्टर-वकिलांप्रमाणे विश्लेषकालाही परीक्षा आणि दर्जा हवा. १९६३ मध्ये पहिली परीक्षा झाली. २८४ जण बसले. तीच सीएफएची परीक्षा. आज जगभरात दोन लाखांच्या आसपास सनदधारक आहेत. आपल्याकडे त्या संस्थेची भारतीय शाखा-संघटना आहे, मुंबईतही तिचे काम चालते.

आम्ही टीका करायला उभे आहोत, पण श्रेय द्यायचे तिथे दिले पाहिजे. तीन पायऱ्यांची ही परीक्षा कठीण आहे. पैसे भरून मिळणारे ते सर्टिफिकेट नव्हे. तिच्यासोबत आचारसंहिता आहे. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की अशिलाचे हित आधी, मालकाचे आणि स्वतःचे नंतर. सभासदाला दर वर्षी आपल्या वर्तणुकीबद्दल निवेदन भरून द्यावे लागते. गैरवर्तन सिद्ध झाले तर सनद काढून घेतात. आणखी एक काम तर आम्हाला फार मोलाचे वाटते. पूर्वी पैसे सांभाळणाऱ्या कंपन्या आपली चांगली चाललेली तेवढी खाती दाखवायच्या आणि बुडालेली झाकून ठेवायच्या. या संघटनेने परताव्याचा हिशेब कसा मांडायचा याची मानके घालून दिली. १९९९ मध्ये ती जागतिक पातळीवर आली. संघटनेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण आहे. ते विसरू नका. शेवटी पुन्हा त्याकडे येणार आहोत.

आता दुसरी बाजू. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला सांगायला नको. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे ते आपल्या घराघरांत पोचले. आपल्याकडे शेतकरी, कार्यकर्ते, वीज मंडळाचे जाणकार त्या कराराबद्दल वर्षानुवर्षे शंका घेत होते. तिकडे न्यूयॉर्कमध्ये काय चालले होते? डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी दिवाळ्यात निघाली, आणि त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिच्यावर लिहिणाऱ्या विश्लेषकांपैकी बहुतेकांचा सल्ला होता: घ्या. ही माणसे अडाणी होती का? मुळीच नाही. उत्तम विद्यापीठांतली होती. वात्स्यायनाची पहिली अट पुरी करण्याची क्षमता त्यांच्यात होती. अडले ते दुसऱ्या अटीपाशी. कारण त्यांचा पगार ज्या बँकांकडून येत होता, त्या बँकांना एन्रॉनकडून मोठमोठी कामे मिळत होती.

त्याच सुमारास इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ते एलियट स्पिट्झर यांनी विश्लेषकांच्या कचेऱ्यांतल्या ईमेल तपासल्या. जाहीर अहवालात ज्या शेअरची शिफारस, त्याच शेअरला खासगीत कचऱ्याची उपमा! एप्रिल २००३ मध्ये दहा बड्या कंपन्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. हेन्री ब्लॉजेट आणि जॅक ग्रबमन या दोन नामांकित विश्लेषकांना या धंद्यात कायमची बंदी झाली.

आमचा प्रश्न साधा आहे. हे कोणी उघडकीला आणले? सरकारी वकिलाने. संघटनेने नव्हे. संघटनेनेही त्या काळात वस्तुनिष्ठ संशोधनाची मानके तयार केली, हे खरे. पण चोर पकडला गेल्यावर कुलूप कसे असावे याचा कागद काढण्यासारखे ते झाले.

कोणी म्हणेल, संघटना म्हणजे काही पोलीस नव्हे. मान्य. मग संघटनेचे जे काम निर्विवादपणे तिचेच आहे, ते बघू. खरे बोलणाऱ्या सभासदाच्या पाठीशी उभे राहणे. १९९० सालची गोष्ट. फिलाडेल्फियातल्या एका पेढीत मार्व्हिन रॉफमन नावाचे विश्लेषक होते, जुगारघरांच्या धंद्याचे जाणकार. डोनाल्ड ट्रम्प यांचे ताजमहाल नावाचे प्रचंड जुगारघर अटलांटिक सिटीत उघडणार होते. रॉफमन वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाले, कर्ज एवढे आहे की हे चालणे कठीण. ट्रम्प यांनी पेढीला खटल्याची धमकी दिली: माफी मागायला लावा नाहीतर काढून टाका. पेढीने त्यांना काढून टाकले. एप्रिलमध्ये जुगारघर उघडले आणि पुढल्याच वर्षी दिवाळ्यात गेले. रॉफमन यांना लवादाने साडेसात लाख डॉलर देवविले. न्याय झाला म्हणा. पण तो एकट्या माणसाने झगडून मिळवलेला न्याय होता. आपल्याकडेही २०१२ मध्ये कॅनडातल्या एका संशोधन संस्थेने एका मोठ्या भारतीय वित्तसमूहावर प्रतिकूल अहवाल लिहिला, तेव्हा उत्तरादाखल पोलिसांत तक्रारी गेल्या. आता तुम्ही पगारी विश्लेषक आहात असे समजा. 'घ्या' म्हटले आणि चुकले, तर पुढल्या वर्षी विसरतात. 'विका' म्हटले आणि बरोबर निघाले, तरी नोकरी जाते. काय लिहाल?

इथे प्लेटोची आठवण होते. 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की वैद्याची विद्या ही वैद्य म्हणून रोग्याचे भले पाहते. वैद्य पैसे घेतो, पण पैसे मिळवणे ही वैद्यकाहून निराळी विद्या आहे. ती सगळ्याच विद्यांच्या जोडीला असते. हे विद्यार्थ्यांना शिकवताना आम्हाला फार आवडायचे. मात्र सॉक्रेटिसाच्या उदाहरणात पैसे रोगी देतो. औषध कंपनीने वैद्याला पगार दिला तर त्या दोन विद्यांचे काय होईल, हे तिथे आलेले नाही. गुंतवणूक-विश्लेषकाच्या बाबतीत नेमके तेच घडते. सल्ला ऐकणारा एक, पैसे देणारा दुसरा. आचारसंहितेत कितीही सुंदर वाक्ये लिहा, हे गणित बदलले नाही तर ती भिंतीवरच्या तसबिरीसारखी राहतात.

आता म्हणाल, सर, भारतात काय? सांगतो. भारतात २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी आणि २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी सेबीने नियम केले. त्यांत एक नियम असा की ज्या शेअरवर विश्लेषक लिहितो, त्यात अहवालाच्या आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस त्याने स्वतः व्यवहार करू नये. स्वतःच्या शिफारशीविरुद्ध व्यवहार करू नये. आपले हितसंबंध अहवालात उघड करावेत. २०२० च्या दुरुस्तीने तर सल्लागाराने एकाच अशिलाला सल्ला आणि माल दोन्ही विकू नये, अशी विभागणी केली. हे सगळे आवश्यक होते. पण बघा, हे नियम सरकारी नियामकाने केले. व्यवसायाने स्वतःहून केले नाहीत.

म्युच्युअल फंडांचे तसेच. फंड कंपन्यांची संघटना, अ‍ॅम्फी, १९९५ पासून मुंबईत आहे. 'सही है' ही तिची जाहिरात तुम्हा सर्वांना पाठ असेल. एके काळी फंडात शंभर रुपये टाकले की सव्वादोन रुपयांपर्यंत प्रवेशशुल्क आधीच कापले जाई आणि ते विकणाऱ्याकडे जाई. १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद झाले. कोणी बंद केले? सेबीने. संघटनेच्या सभासदांचा धंदा ज्यावर चालतो, ते संघटना बंद करील अशी अपेक्षाच चुकीची आहे, असे कोणी म्हणेल. अगदी बरोबर! आमचे म्हणणेही तेच आहे. म्हणून संघटनेचा शिक्का बघून विसंबू नका.

वकिलाला सनद बार कौन्सिल देते, आणि ती गेली की त्याला कोर्टात उभे राहता येत नाही. सीएंची संस्था १९४९ च्या कायद्याने झाली आहे. विश्लेषकांच्या संघटनांना असे बळ नाही. सभासदत्व ऐच्छिक आहे. काढून टाकले तर नावापुढची तीन अक्षरे जातात, धंदा चालूच राहतो. त्या तीन अक्षरांच्या मालकीवरून मात्र हैदराबादची संस्था आणि अमेरिकेतली संस्था यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टात भांडण चालले. अक्षरांचे रक्षण करायला वकील लागले. अशिलाचे रक्षण करायला कोण उभे राहिले, हे आम्ही शोधतो आहोत.

२०२४ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. विश्लेषक आणि सल्लागार यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम सेबीने बीएसईकडे दिले. वडाखालच्या दलालांची ती संघटना २००५ मध्ये कंपनी झाली होती, २०१७ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, आणि आता ती सल्ला देणाऱ्यांची देखरेख करते. आम्हाला तिच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तिचे उत्पन्न व्यवहारांवर अवलंबून आहे. लोक जितके घेतील-विकतील तितके तिला बरे. आणि चांगला सल्लागार बहुधा काय सांगतो? "काही करू नका, बसून राहा." ज्याचा धंदा वर्दळीवर चालतो, त्याला शांत बसायला सांगणाऱ्याचा मास्तर केले, तर त्यातला तणाव तरी उघड बोलला पाहिजे.

वर्दळीची किंमत काय असते? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झाला. खर्च धरून सरासरी दोन लाख रुपयांच्या आसपास. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि दुसरा आकडा. मार्च २०२४ मध्ये डीमॅट खाती १५ कोटींच्या पुढे होती. नोंदणीकृत सल्लागार साधारण हजार. भागाकार तुम्हीच करा. एका सल्लागारामागे दीड लाख खाती. मग उरलेल्यांना सल्ला कोण देते? मोबाइलवरचा तो 'सर्टिफाइड'.

आम्ही काही शहाणे होतो असे नाही. निवृत्त झालो त्या वर्षी एका बँकेतला तरुण घरी आला. नम्र मुलगा, परीक्षा उत्तीर्ण, टेबलावर सर्टिफिकेटची प्रत. फंडाची रक्कम त्याच्या सांगण्यावरून एका विमा-योजनेत घातली. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा कळले की पोस्टात ठेवले असते तर जास्त मिळाले असते. त्या मुलाला योजना पाठ होती. म्हणजे पहिली अट पुरी. त्याला त्या महिन्यात किती विमे विकायचे होते, हे आम्ही विचारलेच नाही. न्यायदर्शन चाळीस वर्षे शिकवले, आणि आप्ताची दुसरी अट घरातल्या सोफ्यावर बसून विसरलो. बायको आजही ऐकवते.

आता संघटनांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा मांडतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतील: संघटना नसत्या तर परीक्षाही नसती, आचारसंहिताही नसती, आणि नियामकाला नियम लिहायला शब्दही सापडले नसते. सेबीचे बरेचसे नियम याच आचारसंहितांच्या भाषेत आहेत. हितसंबंध उघड करा, व्यवहाराची बंदी पाळा, हे सगळे आधी व्यवसायाने विचार करून ठेवले, मग कायद्यात आले. हा मुद्दा आम्ही मान्य करतो. संघटनांनी चांगला व्यवहार म्हणजे काय याचे ज्ञान साठवले. पण ज्ञान साठवणे ही पुन्हा पहिलीच अट झाली. स्वतःच्या सभासदाचे उत्पन्न कमी करून दुसरी अट पाळायला लावणे, हे त्यांनी क्वचितच केले. परताव्याच्या मानकांसारखी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. आणि व्यवसाय हा शब्द खऱ्या अर्थाने त्या दिवशी लागू पडतो, ज्या दिवशी व्यवसायाची संघटना स्वतःच्या पैशाविरुद्ध निर्णय घेते.

मग उपाय काय? यासाठी तुमच्याच मातीतली एक संघटना आठवा. मे १९४५ मध्ये इथून जवळच, तलासरीकडच्या झरी गावात, हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभा. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर राबत. त्याला लग्नगडी म्हणत. वेठबिगार होती. ती मोडायची असे तिथे ठरले. मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर हुतात्मे झाले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल.

आम्ही हे भावना चाळवायला सांगत नाही. दोन गोष्टी बघा. एक, ती संघटना तोटा सोसणाऱ्यांची होती. सावकारांनी आपली संघटना करून आचारसंहिता लिहिली असती, तर लग्नगडी सुटला असता का? दोन, तिची मागणी मोजता येण्यासारखी होती. 'रास्त मजुरी द्या' असे मोघम म्हटले नाही. इतके गवत, इतके रुपये. निरक्षर माणसालाही फसवणूक ओळखता येईल असे माप.

सल्ला घेणाऱ्यांच्या संघटना आपल्याकडे आहेत, नाही असे नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. गुंतवणूकदारांना साक्षर करणारे मनीलाइफ फाउंडेशन सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी काढले. १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा बाहेर काढला तो याच सुचेता दलाल यांनी, पत्रकार म्हणून. विश्लेषकांच्या कुठल्या संघटनेने नव्हे. पण अशा संस्था शहरांत आहेत. चारोटीत कोणती संघटना आहे?

आहे. ग्रामसभा. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे, इथे पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या त्या कायद्यात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर ग्रामसभेचे नियंत्रण असावे, असे म्हटले आहे. तो अधिकार का दिला, हे झरीचा इतिहास माहीत असलेल्याला सांगावे लागत नाही. शेअर बाजाराच्या सल्लागारावर ग्रामसभेचा कायदेशीर अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. पण भरपाईचे पैसे यायच्या आधी ग्रामसभा बोलवायला आणि ज्याला सल्ला द्यायचा आहे त्याला सगळ्यांसमोर उभे राहायला सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. घरात, ओसरीवर, एकट्या माणसाला गाठून सल्ला देणारा आणि दोनशे माणसांपुढे तोच सल्ला देणारा, यांत फरक पडतोच.

तिथे त्याला तीन गोष्टी विचारा. पहिली: तुझा सेबीचा नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शाळेतला मुलगाही तपासून देईल. दुसरी: आम्ही हे घेतले तर तुला पैसे कोण देणार, आणि किती? तिसरी: गेल्या तीन वर्षांत तू काय काय घ्यायला सांगितलेस, आणि त्याचे काय झाले? सगळे, चांगले तेवढे नको. या तिसऱ्या प्रश्नासाठी सल्लागारांची मागील कामगिरी त्रयस्थाकडून पडताळून घेण्याची व्यवस्था सेबीने २०२५ मध्ये आणली. हे काम खरे तर संघटनांनी वीस वर्षांपूर्वीच आपल्या प्रत्येक सभासदासाठी करायला हवे होते. मानके त्यांच्याकडे होती.

पहिला प्रश्न जाणण्याविषयी आहे, दुसरा इच्छेविषयी, तिसरा दोन्हींविषयी. वात्स्यायनाला शेअर बाजार ठाऊक नव्हता, पण त्याच्या कसोटीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, रस्त्यात जमीन गेली. पैसे पुढल्या महिन्यात येतील. कुठे ठेवू ते सांगा." दादा, ते सांगायला आमची सेबीकडे नोंदणी नाही, आणि विमा-योजनेचा किस्सा तुम्ही ऐकलातच. एवढेच सांगतो. पैसे आले की लगेच काही करायची घाई नसते. बचत खात्यात सहा महिने राहिले तर थोडे व्याज कमी मिळेल, मूळ रक्कम जागेवर राहील. त्या सहा महिन्यांत घरातल्या बाईला, शिकलेल्या मुलीला सोबत घेऊन हे तीन प्रश्न चार जणांना विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल, त्याला चहा द्या आणि रवाना करा.

आम्ही इथे थांबतो. आणखी प्रश्न असतील तर विचारा. आमची परतीची गाडी साडेसातची आहे.